क्लिप दिसते, फाइल दिसत नाही

मार्च संपत आला होता. परतूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचे मुनीमकाका फोनवर वैतागून सांगत होते, "मेल आली आहे, क्लिपचं चिन्हही दिसतंय, पण फाइल काही दिसत नाही." त्यांच्या दुकानाचा हिशेब फार वर्षांपूर्वी जालन्याच्या एका प्रोग्रामरने मायक्रोसॉफ्टच्या अॅक्सेसमध्ये बसवून दिलेला आहे. हमाली-तोलाईच्या रकान्यात एक चूक निघाली होती. प्रोग्रामरने ती दुरुस्त करून फाइल मेलने पाठवली होती, तीही तीन वेळा. तो म्हणत होता पाठवली, काका म्हणत होते आली नाही, आणि दोघांचंही खरं होतं. शेवटी काकांनी तोडगा काढला, "व्हॉट्सअॅपवर टाका म्हणावं."

मी त्यांना थांबवलं आणि दुकानात गेलो. मेलच्या डोक्यावर एक बारीक पट्टी होती. तीत इंग्रजीत लिहिलं होतं की पुढील अटॅचमेंट धोकादायक असू शकते म्हणून आउटलुकने अडवली आहे, आणि शेजारी फाइलचं नावही होतं. तीन दिवस ती ओळ कोणी वाचलीच नव्हती. म्हणून पहिली विनंती हीच: फाइल दिसली नाही तर पाठवणाऱ्याला "पुन्हा पाठवा" म्हणण्याआधी मेल नीट उघडा आणि विषयाच्या खालची पट्टी वाचा. इंग्रजी कळत नसेल तर पडद्याचा फोटो काढून कळणाऱ्या माणसाला दाखवा. अडवलेली फाइल दहा वेळा पाठवली तरी दहा वेळा अडते.

मी इथे दुकानांच्या, शाळांच्या, बचत गटांच्या संगणकांची कामं करतो. अशा तक्रारी आल्या की बहुतेकांना वाटतं संगणक बिघडला. तसं नसतं. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. मेल मुळात फक्त अक्षरं वाहून नेण्यासाठी होती. चित्र, आवाज, फाइल असं काहीही मेलला जोडता यावं यासाठीची पद्धत नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी १९९२ मध्ये मांडली. तेव्हापासून फाइल अक्षरांत बदलून पाठवली जाते आणि पलीकडे पुन्हा फाइल होते. त्या बदलात तिचं वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग आला मे २०००. 'आय लव्ह यू' असा विषय असलेली मेल जगभर पसरली. जोडलेल्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी' असं दिसत होतं, म्हणजे साधी मजकुराची फाइल. पण नावाच्या अगदी शेवटी 'डॉट व्हीबीएस' हे आणखी एक शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, होतं. विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवतं, म्हणून ते कोणाला दिसलं नाही. ती फाइल म्हणजे मजकूर नव्हता, आज्ञांची यादी होती. उघडणाऱ्याच्या संगणकावरच्या फाइली तिने बिघडवल्या आणि त्याच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःलाच पाठवलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुरक्षेची दुरुस्ती आणली आणि ठरावीक शेपटांच्या फाइली सरळ अडवायला सुरुवात केली. काकांची फाइल पंचवीस वर्षांनंतर अडली ती त्याच यादीमुळे. अॅक्सेसच्या फाइलीचं शेपूट, डॉट एमडीबी, त्या यादीत आहे, कारण अशा फाइलीच्या पोटातही आज्ञा लपवता येतात.

म्हणून सगळ्यात आधी विंडोजला शेपटं दाखवायला लावा. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, त्यात शो, त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज १० मध्ये वरच्या व्ह्यू टॅबमध्येच ती टिक आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि मी ज्या ज्या संगणकाला हात लावतो तिथे आधी तेच करतो. शेपूट दिसू लागलं की 'बिल डॉट पीडीएफ' आणि 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' यांतला फरक नववीतल्या मुलालाही कळतो.

आता मुख्य प्रश्न. फाइल नेमकी कोणी अडवली? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका, कारण फाइल पाठवणाऱ्यापासून तुमच्यापर्यंत येताना तीन-चार नाके लागतात आणि प्रत्येक नाक्याची खूण वेगळी असते.

पाठवणाऱ्याच्याच दारात अडली तर त्याला लगेच कळतं. जीमेलमध्ये फाइल जोडताना सुरक्षेच्या कारणाने अडवल्याची सूचना येते आणि फाइल चढतच नाही. जीमेलची यादी आउटलुकपेक्षा वेगळी आहे. ईएक्सई, बॅट, एमएसआय, व्हीबीएस, मोबाइलवर अॅप बसवणारी एपीके या फाइली जीमेल घेत नाही. जेएस, म्हणजे जावास्क्रिप्टची फाइल, फेब्रुवारी २०१७ पासून घेत नाही. यांतली फाइल झिपमध्ये घालून दिली तरी जीमेल झिप उघडून आत बघतं.

वाटेत अडली तर पाठवणाऱ्याकडे 'मेलर डीमन' या नावाने परत मेल येते. ती पुष्कळ जण कचरा समजून काढून टाकतात, आणि उत्तर नेमकं तिच्यातच असतं. तिच्यात ५५२ हा आकडा दिसला तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते: फाइल फार मोठी होती, नाहीतर आतला मजकूर सुरक्षिततेला धोका वाटला. आकड्याच्या पुढचं वाक्य वाचलं की कोणती ते कळतं. मोठ्या कार्यालयांत आणखी एक शक्यता असते. त्यांचा सर्व्हर संशयित मेल परत पाठवत नाही, बाजूला ठेवतो, आणि दोन्ही बाजूंना काहीच कळत नाही. अशा वेळी तिथल्या संगणक विभागाला पाठवल्याची तारीख, वेळ आणि विषय सांगून विचारावं लागतं.

तुमच्या मेलच्या प्रोग्रामने अडवली तर मुनीमकाकांसारखी पट्टी दिसते. आणि तुमच्या संगणकाने अडवली तर फाइल मेलमध्ये दिसते, उतरतेही, पण उघडताना सूचना येते किंवा अँटिव्हायरस तिला गिळून टाकतो.

काकांच्या बाबतीत उपाय दोन मिनिटांचा निघाला. त्यांचा पत्ता जीमेलचाच होता. आउटलुक ती मेल फक्त ओढून आणून दाखवत होतं. जीमेलच्या यादीत डॉट एमडीबी नाही, आउटलुकच्या यादीत आहे. पाठवणारा माणूस ओळखीचा, फाइल मागवलेली, प्रोग्रामरशी फोनवर बोलणं झालेलं. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं, तीच मेल शोधली आणि फाइल खाली उतरवली. हा मार्ग पुष्कळांना सुचत नाही. आउटलुकमध्ये अडलेली फाइल सर्व्हरवर बहुधा तशीच असते, नष्ट झालेली नसते. फाइल हाती येईपर्यंत मेल मात्र काढून टाकू नका.

ही सोय नसेल तर पाठवणाऱ्याला सांगा, फाइल झिप करून पाठव. विंडोजमध्ये फाइलवर उजवी टिचकी मारून झिप करता येते. आउटलुक झिपला अडवत नाही, फक्त तुम्हाला ती आधी उतरवून मग उघडावी लागते. शेपूट बदलून पाठवणं हाही एक मार्ग आहे: 'हिशेब डॉट एमडीबी' ऐवजी 'हिशेब डॉट एमडीबी डॉट टीएक्सटी', आणि पलीकडच्याने ते पुन्हा मूळ नाव करायचं. मला हा मार्ग आवडत नाही. पलीकडचा माणूस नाव बदलायला विसरतो, फाइल नोटपॅडमध्ये उघडून अगम्य अक्षरं बघत बसतो. आणि मुख्य म्हणजे नाव बदलून आलेली फाइल उघडायची सवय माणसांना लावणं मला पटत नाही. ती खेळी चोरांची आहे.

क्लासिक आउटलुकमध्ये एखादं शेपूट यादीतून खाली उतरवण्याची सोय आहे, तीही सांगतो, कारण कोणीतरी अर्धवट सांगण्यापेक्षा पूर्ण माहीत असलेली बरी. आउटलुक बंद करायचं, रजिस्ट्री एडिटर उघडायचा, करंट युजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.०, आउटलुक, सिक्युरिटी इथपर्यंत जायचं, तिथे 'लेव्हल १ रिमूव्ह' या नावाची (इंग्रजीत, सलग, मध्ये जागा न सोडता) स्ट्रिंग व्हॅल्यू करायची आणि तिच्यात तेवढंच एक शेपूट लिहायचं. मग ती फाइल दिसू लागते, पण थेट उघडत नाही. आधी जतन करावी लागते. कार्यालयाच्या सर्व्हरवर वरून नियम लावलेला असेल तर याचा उपयोग होत नाही. रजिस्ट्रीत चुकून भलतीच नोंद पुसली गेली तर संगणक सुरू होताना अडू शकतो, म्हणून हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

एका ठिकाणी मी हे करून दिलं होतं आणि काम झाल्यावर नोंद काढायला विसरलो. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा त्याच शेपटाच्या दोन फाइली अनोळखी पत्त्यांवरून येऊन पडलेल्या दिसल्या. कोणी उघडल्या नव्हत्या, पण उघडता आल्या असत्या, आणि त्याची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून एका फाइलसाठी दार कायमचं उघडं ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे. पाठवणाऱ्याला दुसऱ्या रीतीने पाठवायला सांगणं हे नेहमी तुमच्या बाजूचं दार उघडण्यापेक्षा बरं.

काही जुन्या दुकानांत अजून विंडोज एक्सपी आणि आउटलुक एक्सप्रेस आहे. तिथे टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी इथे व्हायरस असू शकणाऱ्या फाइली उघडू न देण्याची टिक असते आणि ती काढली की सगळं मोकळं होतं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाला. तिथे ती टिक काढू नका. त्या संगणकावर मेल बघणंच थांबवा.

अँटिव्हायरसबद्दल थोडं. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत क्विक हील असतं. साताऱ्याच्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, व्हायरस काढण्याचा प्रोग्राम लिहिला. त्यातून ही कंपनी उभी राहिली. क्विक हीलच्या ईमेल प्रोटेक्शनमध्ये अटॅचमेंटवर नियंत्रणाची वेगळी जागा आहे आणि तिथे नावात एकाहून जास्त शेपटं असलेल्या फाइली अडवण्याची सोय आहे. चांगली सोय आहे. पण आपल्याकडे फाइलला नाव देताना टिंबं टाकायची सवय फार: '७.१२ उतारा.गट नं.४५.पीडीएफ'. अशा नावावर फाइली तपासणाऱ्या एखाद्या गाळणीला संशय आला तर तिचा दोष नाही. नावात टिंब एकच, शेवटच्या शेपटाआधी. बाकी ठिकाणी आडवी रेघ घाला. फाइल गायब झाली तर अँटिव्हायरसच्या 'क्वारंटाइन'मध्ये बघा, तिथे नाव आणि कारण दोन्ही सापडतात. तिथून ती परत आणण्याआधी पाठवणाऱ्याला फोन कराच.

शाळांमधून येणारा प्रश्न वेगळा आहे. हरहुन्नरी शिक्षक निकालपत्रकाची एक्सेल फाइल तयार करतात, तीत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतात, आणि ती मेलवरून शाळाशाळांत फिरते. उघडली की वर लाल पट्टी येते आणि बटणं चालत नाहीत. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली, त्याचा हा परिणाम. विंडोज अशा फाइलीला 'बाहेरून आलेली' अशी खूण लावून ठेवतं. फाइल बनवणारे गुरुजी तुम्हाला माहीत असतील आणि त्यांनीच ती पाठवली असेल, तर फाइल जतन करा, तिच्यावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, आणि खालच्या कोपऱ्यात 'अनब्लॉक'वर टिक. एवढ्या एका फाइलीची खूण निघते, बाकी संगणक होता तसा राहतो. मॅक्रोची सेटिंग सगळ्यांसाठी मोकळी करून देणारे मित्र भेटतील. त्यांना नम्रपणे नको म्हणा. पिवळी पट्टी आली तर ती सौम्य आहे. फाइल नुसती वाचायची असेल तर 'एनेबल एडिटिंग' दाबायची गरजच नाही.

कधी कधी फाइल अडलेली नसते, पण अडल्यासारखी वाटते. 'विनमेल डॉट डॅट' नावाची एक विचित्र फाइल आली तर समजा, पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मेल 'रिच टेक्स्ट'मध्ये बांधली आहे. त्याला 'एचटीएमएल' किंवा 'प्लेन टेक्स्ट' निवडून पुन्हा पाठवायला सांगा. फाइल उघडली पण मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतोय, तर ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे. फाँट मागवत बसू नका, पीडीएफ मागवा.

आकाराची अडचण सरळ आहे. जीमेलवरून २५ एमबीपर्यंत पाठवता येतं; त्याहून मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये फक्त दुवा जातो. समोरच्या कार्यालयाची मर्यादा पुष्कळदा याहून कमी असते. आणि ती एक तृतीयांश वाढ आठवा: सर्व्हर दहा एमबी घेत असेल तर सात एमबीच्या वर जाऊ नका. कागदपत्रं स्कॅन करताना रंगीत न करता करड्या छटेत आणि २०० डीपीआयवर केली की वाचायला स्वच्छ राहतात आणि वजन खूप उतरतं. ड्राइव्हचा दुवा दिला तर परवानगी तपासा. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर समोरच्याला दार बंद दिसतं. 'एनीवन विथ द लिंक' केलं तर दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला दिसतं. सातबारा चालेल, पण आधार, पासबुक, पगारपत्रक अशा गोष्टी त्या माणसाच्या मेल पत्त्यालाच परवानगी देऊन पाठवा आणि काम झालं की परवानगी काढा.

पासवर्ड घातलेली झिप ही दुधारी वस्तू आहे. गाळणीला तिच्या आत बघता येत नाही, म्हणून काही सर्व्हर ती अडवतात आणि जीमेल इशारा देतं. खासगी कागद पाठवायला ती चांगली. विंडोजच्या स्वतःच्या झिपला पासवर्ड घालता येत नाही, त्यासाठी सेव्हन-झिप हे मोफत साधन आहे. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. उलट, अनोळखी मेलमध्ये पासवर्डसकट झिप आली असेल तर ती उघडायची नाहीच. पासवर्ड तुमच्या सुरक्षेसाठी दिलेला नसतो, गाळणीचे डोळे बांधण्यासाठी दिलेला असतो.

आता मुनीमकाकांच्या त्या वाक्याकडे येतो, व्हॉट्सअॅपवर टाका. काकांच्या बाबतीत त्यात वाईट काही झालं नसतं. पण ही सवय पसरते आहे आणि मला तिची काळजी वाटते. मेलने पंचवीस वर्षांत जे नाके उभे केले ते व्हॉट्सअॅपवर नाहीत. जी एपीके जीमेल दारातच अडवतं ती व्हॉट्सअॅपवरून सरळ मोबाइलमध्ये येते. लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता, वाहतुकीचं चलान अशा नावांनी एपीके फाइली फिरतात, त्या बसवल्या की मोबाइलमधले मेसेज चोरांना दिसू लागतात आणि ओटीपीसकट खातं मोकळं होतं. पत्रिका एपीके नसते, चलान एपीके नसतं. सरकारी योजनेचं अॅप लागलंच तर ते प्ले स्टोअरवरून किंवा योजनेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. आणि मेलने अडवलेली फाइल "मेलवर जात नाही, व्हॉट्सअॅपवर घ्या" असं अनोळखी माणूस म्हणाला, तर मेलने ती का अडवली हे आधी विचारा.

परतूरसारख्या गावात आपल्याकडे एक साधन आहे जे मोठ्या शहरात नाही. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, मोंढ्यात नाहीतर स्टेशन रोडला भेटणारा असतो. "तुम्ही मला अमुक नावाची फाइल पाठवली का?" एवढा एक फोन करा, आणि मेलमध्ये लिहिलेल्या नंबरवर न करता तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करा. ओळखीच्या पत्त्यावरून आलेली मेलही त्याचं खातं चोरीला गेल्यामुळे आलेली असू शकते. 'आय लव्ह यू' ज्यांना मिळाली त्यांतल्या बहुतेकांना ती ओळखीच्याच माणसाकडून मिळाली होती.

नको ती फाइल उघडली गेलीच, तर लाजेपोटी गप्प बसू नका. वायफाय किंवा केबल काढा, मोबाइल असेल तर डेटा बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि मेलचा, बँकेचा पासवर्ड त्या दुसऱ्या फोनवरूनच बदला. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत थांबण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. संगणक तपासण्यासाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत. आणि ती मेल, तो मेसेज, ती फाइल रागाच्या भरात पुसून टाकू नका. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तीच मागतात.